खापरावर नाव लिहून घालवायचे, त्याची गोष्ट

आपल्याकडे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात, प्राचीन अथेन्समध्ये नकोशा माणसाचं नाव फुटलेल्या खापरावर लिहून त्याला शहराबाहेर घालवायचे. ग्रीकमध्ये खापराच्या तुकड्याला ऑस्ट्राकॉन म्हणतात, म्हणून या हद्दपारीचं नाव ऑस्ट्रासिझम. लिहायचा पेपायरस (लव्हाळ्याचा कागद) इजिप्तहून यायचा, महाग, खापऱ्या मात्र शहरभर पडलेल्या, फुकट.

याचं मूळ भीतीत आहे. पिसिस्ट्रॅटस आणि मग त्याची पोरं, यांची हुकूमशाही अथेन्सने कित्येक वर्षं सोसलेली. मुलगा हिप्पियास इ.स.पू. ५१० मध्ये हाकलला गेला, तेही स्पार्टाच्या सैन्याच्या जोरावर, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत क्लिस्थेनिसने लोकशाहीची घडी बसवली. हा कायदाही त्याचाच म्हणतात, पण पहिल्यांदा वापरला इ.स.पू. ४८७ मध्ये, म्हणजे वीसेक वर्षांनी! मध्ये पर्शियाशी मॅरेथॉनची लढाई झाली होती आणि हिप्पियास म्हातारपणी चक्क पर्शियन सैन्याबरोबर परत आला होता, त्यामुळे त्याच्या गोतावळ्यावर लोकांचा डोळा असणारच. पहिला नंबर लागला तो त्याच घराण्यातल्या हिप्पार्कसचा.

पद्धत अशी, वर्षातून एकदा सभेत विचारायचं, यंदा कुणाला घालवायचंय का? हो म्हटलं तर दोनेक महिन्यांनी अगोरात म्हणजे भर चौकात मतदान, एकूण ६००० मतं तरी पडायला हवीत (बहुतेक इतिहासकार असंच धरतात), आणि ज्याचं नाव सगळ्यात जास्त त्याने १० दिवसांत गाशा गुंडाळायचा, १० वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बचावाचं भाषणही नाही. पण घरदार, जमीन, नागरिकत्व शाबूत. आपल्या वाळीत टाकण्यापेक्षा बरंच सभ्य म्हणायचं.

हळूहळू हुकूमशहाची भीती मागे पडली आणि विरोधकाचा काटा काढायला हे हत्यार बरं पडू लागलं. अथेन्सच्या लॉरियनच्या खाणीतल्या चांदीतून थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याला जहाजं बांधायची होती, दुसरा पुढारी अ‍ॅरिस्टायडिस आडवा आला असं सांगतात, इ.स.पू. ४८२ मध्ये तोच बाहेर. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने एक किस्सा दिलाय, एका अडाणी शेतकऱ्याने न ओळखता खुद्द अ‍ॅरिस्टायडिसलाच खापरीवर 'अ‍ॅरिस्टायडिस' लिहून दे म्हटलं, का रे बाबा, तर म्हणे त्याला सगळीकडे 'न्यायी' 'न्यायी' म्हणतात ते ऐकून कान किटले! त्याने गुपचूप लिहून दिलं. खरंखोटं प्लुटार्कच जाणे, तो पाचेकशे वर्षांनंतरचा. पुढे थेमिस्टोक्लिसही गेला आणि शेवटी पर्शियाच्या राजाच्याच पदरी राहिला.

खापऱ्या मात्र खऱ्या आहेत, हजारोंनी सापडल्यात. अथेन्समधल्या किल्ल्याच्या टेकडीच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत १९० च्या आसपास मिळाल्या, जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस, आणि अक्षर बघितलं तर फक्त १४ जणांचं. म्हणजे आधीच लिहून वाटायला ठेवलेल्या, प्रचारयंत्रणा तेव्हाही होतीच की! एका खापरीवर किमॉन या पुढाऱ्याला सांगितलंय की एल्पिनिकेला घे आणि चालता हो. एल्पिनिके त्याची बहीण, दोघांबद्दल गावात कुजबुज होती.

इ.स.पू. ४१६ च्या सुमाराला निकियास किंवा अल्किबियाडिस, या दोन बड्या पुढाऱ्यांतला एक जाणार अशी हवा होती. दोघांनी आतून हातमिळवणी केली आणि आपापल्या माणसांची मतं तिसऱ्याच पुढाऱ्यावर, हायपरबोलसवर, वळवली. गेला बिचारा. कायदा त्यानंतरही कागदावर राहिला पण पुन्हा कुणी वापरला नाही.