लाझारसमध्ये चित्र उघडताना: आजच्या अडचणी आल्या कुठून

डेल्फी या विंडोजवरच्या पास्कल प्रोग्रॅमिंगच्या साधनात वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला चित्रांचा कोड लाझारस या त्याच धर्तीच्या, पण विंडोजबाहेरही चालणाऱ्या मुक्त साधनात आणला की विंडोजवर तो बहुधा तसाच चालतो. लिनक्सवर मात्र त्याच प्रोग्रॅममध्ये चित्र एका बाजूला आखडतं, रंगांचे उभे पट्टे उमटतात, नाहीतर काहीच दिसत नाही. दोष कंपायलरचा नसतो. चित्र मेमरीत कसं मांडलेलं असतं याबद्दल जुन्या कोडने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्या फक्त विंडोजपुरत्या खऱ्या होत्या.

१९९५ मध्ये बोरलँडची डेल्फी आली तेव्हा तिच्यातला टीबिटमॅप हा चित्रांचा क्लास म्हणजे जीडीआय या विंडोजच्या चित्रं रंगवणाऱ्या भागातल्या बिटमॅपवर चढवलेलं पातळ आवरण होतं. बीएमपी, आयकॉन, मेटाफाईल हे सुरुवातीचे सगळे प्रकार विंडोजचेच, त्यामुळे चित्र वाचण्याचं आणि रंगवण्याचं बरंचसं काम विंडोजच करत असे. जेपेग १९९७ च्या डेल्फी ३ मध्ये वेगळ्या युनिटच्या रूपाने आलं. गिफ आणि पीएनजी अधिकृतपणे यायला त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षं लागली. तोवर लोक बाहेरची युनिट्स वापरत. फाईलच्या एक्स्टेन्शनवरून क्लास निवडायची टीपिक्चरची, म्हणजे कुठल्याही प्रकारचं चित्र धरणाऱ्या क्लासची, पद्धतही पहिल्यापासूनची, आणि ती लाझारसमध्येही उतरली. म्हणून नाव .png पण आत जेपेग अशी फाईल लोडफ्रॉमफाईलला दिली की एरर येते. तीच फाईल स्ट्रीममधून लोडफ्रॉमस्ट्रीमला दिली, तर लाझारस सुरुवातीचे बाइट तपासून प्रकार ओळखतो. फायली वापरणाऱ्यांकडून येणार असतील तर हाच मार्ग घ्यावा.

डेल्फी ३ मध्येच स्कॅनलाइन आली: चित्राच्या एका ओळीचा थेट पॉइंटर. एकेक पिक्सेल कॅनव्हासमधून वाचण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी वेगवान, त्यामुळे ती सगळीकडे पसरली. तिच्याबरोबर गृहीतकंही पसरली. २४ बिटांच्या चित्रात पिक्सेलला तीन बाइट, क्रम निळा-हिरवा-लाल, आणि ओळीची लांबी चारच्या पटीत. १०१ पिक्सेलच्या ओळीला ३०३ बाइट लागतात, पण जागा ३०४ ची असते. खिडक्या-बटणं काढायला जीटीके ही लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर रंगाची खोली २४ बिट असली तरी पिक्सेल सहसा चार बाइटांचा असतो. तीन-तीन बाइटांच्या उड्या मारणारा कोड अशा ओळीचा पाऊण भागच फिरतो, आणि प्रत्येक पिक्सेलला रंग एकेक जागा सरकत जातो. पट्टे उमटतात ते यामुळेच.

मधे २००१ मध्ये बोरलँडने लिनक्ससाठी कायलिक्स काढून पाहिलं. तिथे बिटमॅपखाली जीडीआयऐवजी क्यूट लायब्ररी होती, म्हणजे टेकू बदलला, पण दुसऱ्यावर टेकणं तसंच राहिलं. कायलिक्स लवकरच थांबलं.

लाझारस ज्यावर उभा आहे त्या फ्री पास्कल या कंपायलरने वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते इतकी वर्षं टिकणारा निर्णय तोच ठरला. २००३ च्या सुमारास आकार घेतलेल्या एफसीएल-इमेज या त्याच्या लायब्ररीत चित्र वाचणं-लिहिणं संपूर्ण पास्कलमध्ये आहे. जेपेगसाठी इंडिपेंडंट जेपेग ग्रुपच्या सी कोडचं पास्कल रूपांतर, पीएनजीसाठी झेडलिब या डेटा दाबणाऱ्या लायब्ररीचं. बाहेरची डीएलएल लागत नाही, स्क्रीन लागत नाही. प्रत्येक प्रकाराचा वाचक आणि लेखक वेगळ्या युनिटमध्ये असतो आणि युनिट प्रोग्रॅमच्या यूजेस यादीत आलं की तो आपली नोंद करतो. इथली नेहमीची चूक म्हणजे एफपीरीडजेपेग लिहायचं राहतं, प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर चित्राचा प्रकार ओळखता येत नाही म्हणतो. फाईल धडधाकट असते. वाचकाची नोंदच झालेली नसते.

या लायब्ररीने रंगाचा प्रत्येक घटक १६ बिटांचा ठेवला, जेणेकरून १६ बिटी पीएनजी किंवा टिफची माहिती कापली जाऊ नये. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, पूर्ण लाल म्हणजे ६५५३५. जुन्या सवयीने २५५ लिहिलं तर जवळपास काळा रंग मिळतो. आठ बिटांचा आकडा २५७ ने गुणावा. नुसता आठ बिट डावीकडे सरकवला तर ६५२८० वर थांबतो आणि पांढरा पूर्ण पांढरा होत नाही. दोन, मेमरी. ४००० बाय ३००० चा फोटो तिच्या टीएफपीमेमरीइमेज या क्लासमध्ये पिक्सेलला आठ बाइटांप्रमाणे ९.६ कोटी बाइट खातो. ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये असे मोजके फोटो उघडले की जागा संपते. आठ बिटांचे आटोपशीर प्रकार नंतर आले. मोठ्या फोटोंसाठी ते वापरावेत.

लाझारसचं काम १९९९ मध्ये सुरू झालं. त्याला डेल्फीसारखा टीबिटमॅपही हवा होता आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मची स्वतःची मांडणीही सांभाळायची होती. म्हणून टीबिटमॅप त्या-त्या विजेटसेटच्या (खिडक्या-बटणं काढणाऱ्या थराच्या) हँडलशी बांधलेला राहिला आणि पिक्सेलवरच्या कामासाठी एफसीएल-इमेजवर आधारलेला टीलाझइंटफइमेज आला. त्याला बाइटांची मांडणी आपण सांगायची. डेटाडिस्क्रिप्शनमध्ये ३२ बिटी निळा-हिरवा-लाल-अल्फा (म्हणजे पारदर्शकता) असं वर्णन आधी भरायचं, मग फाईल वाचायची, गेटडेटालाइनस्टार्टने ओळीचा पॉइंटर घ्यायचा, आणि शेवटी लोडफ्रॉमइंटफइमेजने बिटमॅपमध्ये टाकायचं. असं केलं की क्रम सगळ्या प्लॅटफॉर्मवर एकच राहतो. टीबिटमॅपवरून क्रिएटइंटफइमेज केलं तर मात्र मांडणी त्या यंत्राची येते. हा फरक सहज नजरेतून सुटतो.

चित्र न दिसण्याचं कारण बहुधा चौथा बाइट असतो. ३२ बिटी बीएमपीत विंडोज तो दुर्लक्षित करायची, म्हणून जुन्या प्रोग्रॅमांनी तिथे शून्य लिहून ठेवलं. दुसरीकडे तोच बाइट अल्फा समजला गेला की शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक. वाचल्यानंतर सगळे अल्फा शून्य आहेत का ते तपासावं, आणि असतील तर ते पूर्ण भरावेत.

सर्व्हरवरच्या कन्सोल प्रोग्रॅममध्ये लाझारसचं ग्राफिक्स युनिट घेतलं की लिंकर डब्ल्यूएसरजिस्टरने सुरू होणारी नावं सापडत नाहीत म्हणतो, कारण विजेटसेट देणारं इंटरफेसेस युनिट तिथे नसतं. ते घालून एरर जाते, पण मग प्रोग्रॅमला स्क्रीन लागते. तिथे थेट एफसीएल-इमेज वापरणंच बरं. थ्रेडमध्येही हेच धोरण ठेवावं.

फॉर्ममध्ये साठवलेल्या चित्रांचा त्रास वेगळा. टीपिक्चर आधी क्लासचं नाव लिहितो, मग चित्राचे बाइट. डेल्फीत पीएनजीच्या क्लासचं नाव टीपीएनजीइमेज, लाझारसमध्ये टीपोर्टेबलनेटवर्कग्राफिक. त्यामुळे आणलेल्या फॉर्ममधलं ते चित्र उघडत नाही. मूळ फाईल शोधून लाझारसमध्ये पुन्हा लोड करावी.

मराठी वापरणाऱ्यांना एक अडचण जास्तीची येते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधीच नव्हतं, म्हणून ‘गणपती.png’ असं नाव एएनएसआय स्ट्रिंगमध्ये गेलं की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि फाईल सापडत नाही. २०१५ च्या फ्री पास्कल ३.० पासून स्ट्रिंगला कोडपेज चिकटलेलं असतं, आणि लाझारसचे खिडक्यांचे प्रोग्रॅम यूटीएफ-८ धरून चालतात. कन्सोल प्रोग्रॅममध्ये ते आपोआप होत नाही. तिथे लाझयूटीएफ८ हे युनिट यूजेसमध्ये सुरुवातीलाच घालावं लागतं.