पुनर्नवा: डोळ्यांचं औषध, पण कोणत्या झाडाचं?

मध्ययुगीन वैद्यकीय संग्रहांत पुनर्नवा या औषधी वनस्पतीच्या मुळीबद्दल एक श्लोक सापडतो. मुळी तीच, उगाळायची मात्र वेगवेगळ्या द्रवात: डोळ्यांच्या खाजेसाठी दुधात, पाणी गळत असेल तर मधात, फूल (बुबुळावर पांढरा डाग) पडलं असेल तर तुपात, तिमिरासाठी म्हणजे अंधुक दिसण्यासाठी तेलात आणि रातांधळेपणासाठी कांजीत. ही मुळी कोणत्या झाडाची, लाल फुलांच्या की पांढऱ्या, याबद्दल श्लोकात एक शब्दही नाही, आणि वाद आहे तो त्यावरच.

वादाचं मूळ त्याहून जुनं आहे. चरकसंहितेत घाम आणणाऱ्या आणि खोकला घालवणाऱ्या द्रव्यांच्या गटांत ‘वृश्चीर’ आणि ‘पुनर्नवा’ लागोपाठ येतात, म्हणजे ग्रंथकाराच्या लेखी ती दोन वेगळी द्रव्यं. पुढे टीकाकारांनी वृश्चीर म्हणजे पांढरी आणि पुनर्नवा म्हणजे लाल असं ठरवलं. निघंटूंनी, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांनी, रंगांची ही विभागणी उचलली, पण पानाफुलांचं वर्णन इतकं त्रोटक ठेवलं की नंतरच्यांना हवं ते झाड त्यात बसवता आलं.

आज लाल पुनर्नवा म्हणून ओळखलं जातं ते बोअरहाविया डिफ्युझा. 1753 साली लिनियसने दिलेल्या या नावात लायडनच्या एका डच वैद्यकप्राध्यापकाचं नाव आहे. गुलबक्षीच्या कुळातलं हे तण बांधावर, पडक्या भिंतीशी, रेल्वेच्या खडीत पसरतं. फूल टाचणीच्या डोक्याएवढं, गडद गुलाबी. फळ इतकं चिकट की पायजम्याला लागून घरापर्यंत येतं.

पांढरी म्हणून बहुतेकांनी ट्रायन्थिमा पोर्टुलाकास्ट्रम पुढे केलं. शेतात पावसाळ्यात माजणारं हे मांसल तण घोळीसारखं दिसतं, त्याच्या समोरासमोरच्या पानांच्या जोडीत एक पान मोठं आणि एक लहान. कूळसुद्धा निराळं. गोंधळ वाढवायला त्याचे लालसर देठाचे आणि हिरव्या देठाचे असे दोन प्रकार आहेत, म्हणजे देठ बघून ‘लाल’ ठरवणाऱ्याच्या हाती पांढरीच लागू शकते. बोलीनेही मदत केली नाही. खापरा, वसू, घेटुळी ही नावं गावागणिक या झाडावरून त्या झाडावर जातात. काहींनी पांढऱ्या फुलांच्या बोअरहाविया इरेक्टाचाही दावा मांडला. पण ते मूळचं अमेरिकेतलं, निघंटुकारांनी पाहिलेलं असणं शक्य नाही.

लाल पक्षाचा, म्हणजे पुनर्नवा ती बोअरहाविया असं म्हणणाऱ्यांचा, युक्तिवाद मला जास्त पटतो. ट्रायन्थिमा वर्षायू, म्हणजे एकाच वर्षाचं, आहे, हंगाम सरला की मुळासकट मरतं आणि पुढच्या वर्षी बीपासून उगवतं. बोअरहावियाचं जाड सोटमूळ उन्हाळाभर जमिनीत जिवंत राहतं आणि पहिल्या सरींना त्याच मुळातून फुटवे येतात. ‘पुनर्नवा’ म्हणायला यापेक्षा काय हवं? मात्र निघंटूंत ‘वर्षाभू’ (पावसाळ्यात उगवणारी) हा पर्यायही आहे, आणि तो ट्रायन्थिमाला जास्त शोभतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

विसाव्या शतकात अधिकृत औषधकोशांनी बोअरहावियाच्या बाजूने कौल दिला, पण या श्लोकाचा त्यात काही वाटा नव्हता. शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्यात या वनस्पतीची औषधशास्त्रीय तपासणी झाली, ‘पुनर्नवीन’ नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं औषधी गुणाचं रसायन) वेगळं केल्याचं जाहीर झालं आणि लघवी वाढवणारं, सूज उतरवणारं औषध म्हणून तिचं नाव झालं. ‘शोथघ्नी’ (सूज घालवणारी) या जुन्या नावाला ते जुळलंही. पुनर्नवासव, पुनर्नवामंडूर या तयार औषधांचा खप तेव्हापासून याच ओळखीवर चालतो. म्हणजे कोणतं झाड ‘खरं’ हे मूत्रपिंडाच्या बाजूने ठरलं आणि डोळ्यांचा उपयोग त्याच झाडाला आपोआप चिकटला. माझ्या मते हा निर्णय चुकीचा नाही, पण श्लोकाचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही.

2000 साली आयुर्वेदिक कारखान्यांसाठी उत्पादनाचे नियम आले. डोळ्यांत घालायचं औषध निर्जंतुक हवं ही अट आता असते आणि सहाणेवर उगाळलेली मुळी ती कधीच पाळू शकत नाही. बुबुळाला जखम असताना असं अंजन घातलं, तर जंतुसंसर्गाने दृष्टी जाऊ शकते. श्लोक मात्र समाजमाध्यमांवर अजून फिरतो, खाली बहुधा बोअरहावियाचा फोटो आणि क्वचित ट्रायन्थिमाचा.