लाइट गेल्याची नोंद किती वेळ जपायची?

दर पावसाळ्यात सांगलीत एक व्हिडिओ हमखास फिरतो. आयर्विन पुलाला टेकलेलं गढूळ पाणी आणि खाली मजकूर : 'आत्ताचे दृश्य. कोयनेतून विसर्ग वाढवला. सर्वांना कळवा.' यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तळमजल्यावरच्या दोन घरांनी फ्रिजखाली विटा लावल्या. नदी तेव्हा ४० फुटांच्या इशारा पातळीच्या कितीतरी खाली होती. व्हिडिओ खोटा नव्हता. तो २०१९ च्या ऑगस्टमधला होता, पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाचा. मुदत संपलेली खरी बातमी होती ती, आणि तिच्यावर तारीख नव्हती.

मला हसू आलं, कारण याच दुखण्यावर मी पोट भरतो. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजना धोक्याचे मेसेज पाठवणारी प्रणाली मी लिहितो. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरची करामत लक्षात ठेवण्यात आहे. माझा निम्मा वेळ त्याला विसरायला शिकवण्यात जातो.

या प्रणालीच्या पोटात 'रूल्स इंजिन' असतं. त्याला आपण जर-तरचे नियम देतो : लाइट गेली आणि ५ मिनिटांत जनरेटर लागला नाही, तर मॅनेजरला मेसेज कर. नोंदी येत राहतात, इंजिन त्या नियमांशी जुळवत राहतं. 'एआय आधारित' असं ठळक छापलेली दोन-तीन खोकी मी उघडून पाहिली आहेत, आत हेच जर-तर निघालं. तसा जर-तर पंचांगातही असतो : नक्षत्राचं वाहन म्हैस असेल तर पाऊस भरपूर. त्या नियमाला आकाशातली एकही नोंद लागत नाही, त्यामुळे मेमरीचा प्रश्नच येत नाही.

आमच्या नियमांना मात्र नोंदी लागतात, आणि त्या दोन जातींच्या असतात. '३ नंबरच्या खोलीत अमुक लॉट ठेवलाय' ही वस्तुस्थिती. लॉट उचलला की आपण ती खोडतो. '९ वाजून १० मिनिटांनी लाइट गेली' ही घटना. ती कोणी खोडू शकत नाही, ती कायम खरीच राहणार. पण तिचा उपयोग कधीतरी संपतो. तो कधी संपला, हे ठरवायचं कुणी?

ठरवलं नाही तर काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. १२ खोल्या, ४० सेन्सर, प्रत्येकाची दर १० सेकंदांनी एक नोंद. दिवसाला ३,४५,६०० नोंदी. एकीला २०० बाइट धरले तरी रोजचे ६९ एमबी. शिवाय बहुतेक इंजिनं ज्या पद्धतीच्या वंशातली आहेत, ती 'रेटी' पद्धत अर्धवट जुळलेल्या, म्हणजे नियमाच्या काही अटी पुऱ्या करून बाकीच्यांची वाट बघणाऱ्या, नोंदींच्या जोड्याही जपून ठेवते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार्ल्स फोर्जी यांनी १९७० च्या दशकात ती रचली. रेटी म्हणजे लॅटिनमध्ये जाळं. नवी नोंद आली की सगळं पुन्हा तपासायला नको, म्हणून आधी जुळलेलं जाळ्यात अडकवून ठेवायचं. वेग मिळतो, पण जागा देऊन. दार उघडल्याच्या १,००० नोंदी आणि तापमानाच्या १,००० नोंदी यांना एकमेकींशी जोडणारी काही अटच नसेल, तर जोड्या होतात १० लाख.

आमचं इंजिन ज्या जावा भाषेत लिहिलंय, तिच्यात नको असलेली मेमरी झाडून काढणारा झाडूवाला असतो, पण तो ज्या वस्तूला कोणीच धरलेलं नाही तीच उचलतो. इथे इंजिननेच प्रत्येक नोंदीचा हात धरून ठेवलेला. झाडूवाला बिचारा दारातून परत जातो.

मी स्वतः यात आपटलोय. 'शेवटच्या २० नोंदींची सरासरी' असा नियम लिहिला आणि समजलो की इंजिन २० च नोंदी ठेवेल. सहाव्या रात्री सर्व्हर झोपला. सकाळी मॅनेजर अण्णांचा फोन : "साहेब, तुमचं मशीन मुकं झालंय." ड्रूल्स नावाचं जे इंजिन आम्ही वापरतो, त्याच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. 'शेवटच्या २०' ही संख्येची खिडकी फक्त 'कुठल्या २० बघायच्या' एवढंच सांगते. एकविसावी नोंद खिडकीबाहेर जाते, मेमरीबाहेर जात नाही. वेळेची मर्यादा कुठेच नसेल तर इंजिन ती कधीच सोडत नाही.

आता माझा आवडता भाग. नियमांत वेळेच्या अटी असतील, तर नोंदीची मुदत इंजिन स्वतः काढतं. हा नियम बघा. लाइट गेली, ही घटना क. तिच्यानंतर १० मिनिटांच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला, ही ख. ख नंतर ३० मिनिटांच्या आत तापमान चढलं, ही ग. असं झालं तर कॉम्प्रेसर नुसता फिरतोय, गारवा देत नाही. शिवाय एक जादा अट : ग ही क पासून २५ मिनिटांच्या आत हवी, त्यापुढे तापमान चढलं तर बहुधा कोणीतरी दार उघडं टाकलेलं असतं.

क किती वेळ जपायची? साखळीने गेलं तर १० अधिक ३०, म्हणजे ४० मिनिटं. पण थेट अट २५ चीच आहे, म्हणून २५. आता ख. तिच्या अटीत ३० लिहिलंय. पण ख कधीच क च्या आधी येत नाही, आणि ग ला क पासून २५ च मिनिटं आहेत. म्हणजे ख लासुद्धा २५ पेक्षा जास्त जपून फायदा नाही! नियमात कुठेही न लिहिलेली ही गोष्ट इंजिन शोधून काढतं. हे गणित गावांच्या अंतरांच्या तक्त्याचं आहे. साताऱ्याहून सांगलीला कराडवरून किती, दुसऱ्या वाटेने किती, सगळ्या जोड्यांसाठी सर्वांत जवळची वाट कुठली. फ्लॉइड आणि वॉर्शल यांची १९६२ ची ही रीत, फक्त गावांच्या जागी घटना आणि किलोमीटरच्या जागी मिनिटं. 'ख ही क च्या आधी नाही' ही अट तक्त्यात ख कडून क कडे शून्य अंतराची वाट म्हणून बसते. ख ते क शून्य, क ते ग २५. थेट ३० पेक्षा ही वाट जवळची.

हे झालं एका नियमापुरतं. 'तासाभरात तीनदा लाइट गेली तर वायरमनला कळव' असा दुसरा नियम असेल, तर क ला ६० मिनिटं लागतात. नियमाच्या आत शेवटच्या घटनेपर्यंतच्या वाटांतला सर्वांत लहान आकडा, नियमानियमांत सर्वांत मोठा. कोणी सहा महिन्यांनी येऊन वेळेची अट नसलेला एकच नियम जोडला, की क ची मुदत अनंत.

मुदत हाताने लिहूनही देता येते, आणि तेव्हा साधारणपणे इंजिन आपलं गणित बाजूला ठेवून तुमचं ऐकतं. १५ लिहिलीत तर वरचा नियम २० व्या मिनिटाला चढलेलं तापमान पकडणार नाही, आणि चूक झाली असंही कुठे दिसणार नाही.

सगळ्यांत अवघड, न घडलेल्या गोष्टी. 'जनरेटर लागला नाही' अशी नोंद कोणीच पाठवत नाही. इंजिनला लाइट गेल्याची नोंद धरून ५ मिनिटं घड्याळाकडे बघत बसावं लागतं. पण घड्याळ कुणाचं, खोलीतलं की सर्व्हरचं? एकदा मोबाइल टॉवर गेला तो ४० मिनिटांनी आला, आणि अडकलेल्या नोंदी एकदम आल्या. लाइट गेल्याची नोंद तेवढी वेळेत पोचली होती, जनरेटरची अडकली. अण्णा जनरेटरच्या शेजारूनच बोलत होते, मला नीट ऐकूही येईना. "हा इथं कानाशी बोंबलतोय, आणि तुमचा मेसेज म्हणतोय बंद हाय!"

प्रत्येक नोंदीवर ती घडल्याची वेळ आधीपासून होती, म्हणून नंतर उलगडा तरी झाला. उशिरा येणाऱ्यांसाठी किती थांबायचं, हे मात्र गणित सांगत नाही. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "बेदाणा हाय साहेब, दूध न्हाई. थांबा की दोन मिनिटं." नियमातल्या ५ मिनिटांचे ७ केले. ४० मिनिटांच्या खोळंब्याला ते पुरणार नव्हतेच, म्हणून वेगळा नियम घातला : ज्या खोलीकडून २ मिनिटांत एकही नोंद नाही, तिथे जनरेटरबद्दल काही बोलायचं नाही, फक्त 'खोलीशी संपर्क नाही' एवढंच कळवायचं. त्या नियमासाठी प्रत्येक सेन्सरची शेवटची एक नोंद धरून ठेवावी लागते. ४० नोंदी.