आयओक्यूएमचा फॉर्म: कोण बसू शकतं, कागद काय लागतात आणि पोरं कुठे अडकतात

जून उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो, मॅडम ऑलिंपियाडचा फॉर्म सुटला का. हा फॉर्म आयओक्यूएमचा, म्हणजे इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स, गणित ऑलिंपियाडच्या वाटेवरची पहिली परीक्षा. आणि पेपर होऊन महिना गेला की दुसरा, मॅडम माझा स्कोअरच दिसत नाहीये. दरवर्षी पाच-सहा पोरांचे फॉर्म माझ्या डोळ्यासमोर भरले जातात आणि दरवर्षी एक तरी जण असा निघतो ज्याला गणित येतं पण फॉर्ममधला एखादा फालतू कॉलम त्याला आडवा येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवेन.

आधी परीक्षा कुठली ते नीट समजून घ्या. शाळेत वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर जो ऑलिंपियाडचा फॉर्म येतो, पहिलीपासून कोणीही बसतं, शेवटी मेडल मिळतं, ती खासगी परीक्षा, तिचं शॉर्ट नावही आयएमओच आहे त्यामुळे अर्धे पालक तिथेच फसतात. ती द्यायला काही हरकत नाही, पण तिथून भारताच्या टीममध्ये जाता येत नाही. खऱ्या आयएमओला, म्हणजे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला, भारत १९८९ पासून जिथे टीम पाठवतो आणि जी १९९६ ला मुंबईत झाली होती, तिथे जायचं तर वाट एकच: आयओक्यूएम, मग आरएमओ (प्रादेशिक फेरी), मग आयएनएमओ (राष्ट्रीय फेरी), मग ट्रेनिंग कॅम्प, मग सहा जणांची टीम. पोरगं पाचवी-सहावीत असेल तर घाई करू नका, पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही गणिताची स्पर्धा त्याच वयासाठी आहे, आणि गणित अध्यापक महामंडळाची प्रावीण्य आणि मग प्रज्ञा परीक्षा पाचवी-आठवीला असते. तिथे गोडी लागली की आठवीपासून इकडे.

पात्रता. आठवी ते बारावी, भारतीय विद्यार्थी, बोर्ड कुठलंही. सातवीतला कितीही हुशार असला तरी नाही. बारावी पास होऊन गॅप घेतलेला, जेईई परत देतोय म्हणणारा, तोही नाही, आणि यावर दरवर्षी माझ्याशी कोणीतरी वाद घालतं. जन्मतारखेची अट दर वर्षी एक वर्षाने पुढे सरकते, २०२४ च्या परीक्षेला १ ऑगस्ट २००५ किंवा त्यानंतर जन्मलेले अशी होती. यामागचं कारण साधं आहे, जुलैमध्ये आयएमओच्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी वय २० च्या आत पाहिजे, तिथून मागे मोजत आणलंय. दहावीपर्यंतच्या पोरांना या अटीने काही फरक पडत नाही, तरी लोक "किंवा त्यानंतर" हे "त्याआधी" असं वाचतात आणि फोन करतात की आमचा लहान आहे, चालेल का. चालेल हो.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच. डेडलाइन दोन असतात. एक शाळांसाठी, म्हणजे ज्यांना परीक्षेचं सेंटर व्हायचंय त्यांची, आणि दुसरी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची. पालक फक्त दुसरी बघतात, निवांत राहतात, शेवटच्या आठवड्यात पोर्टल उघडतात आणि मग कळतं की आपल्या तालुक्यात सेंटरच नाही कारण एकाही शाळेने पहिल्या तारखेच्या आत नाव दिलं नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तीन वेळा गेले, "बघू, मीटिंगमध्ये ठेवू", आणि मीटिंग झाली तेव्हा तारीख उलटलेली. पोरांना पहाटेच्या एसटीने जिल्ह्याला न्यावं लागलं, एक जण गाडीत उलट्या करत आला आणि तसाच पेपरला बसला. तर तुमच्या शाळेत आठ-दहा पोरं बसणारी असतील तर जूनमध्येच सरांच्या मागे लागा, जुलै-ऑगस्टमध्ये मागे लागून उपयोग नाही.

पेपर सप्टेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी असतो आणि आपल्या महाराष्ट्रात तेव्हा काय असतं सांगायला नको. २०२४ ला ८ सप्टेंबरला पेपर, ७ ला गणपती बसले. २०२५ ला ७ सप्टेंबरला पेपर, ६ ला अनंत चतुर्दशी. म्हणजे एका वर्षी घरात दीड दिवसाच्या विसर्जनाची गडबड आणि दुसऱ्या वर्षी रात्रभर डीजे आणि सकाळी रस्ते बंद. तारीख ठरवणाऱ्यांना हे दिसत नसावं. मुंबई-पुण्यात सेंटर घेताना मिरवणुकीच्या रस्त्यापलीकडचं घेऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे.

फॉर्म भरणं स्वतः तसं सोपं आहे: पोर्टलवर नोंदणी, सेंटर निवडा, फी भरा, पुढे हॉलतिकीट डाऊनलोड करा. पैसे कापले पण स्टेटस पेंडिंग दिसतंय तर तुमची नोंदणी झालेली नाही, स्क्रीनशॉट काढून लगेच मेल करा, "होईल आपोआप" म्हणून बसू नका.

पण दोन कॉलम जपून भरा. पहिला ईमेल. नेट कॅफेत फॉर्म भरला की कॅफेवाला स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो, आणि ओएमआर शीटवर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) लिहिलेलं नाव, ईमेल आणि जन्मतारीख हेच पुढे स्कोअर बघायचं लॉगिन असतं. पोराने पेपरात घाईत स्वतःचा दुसराच ईमेल लिहिला, किंवा स्पेलिंग चुकवलं, की झालं, बसा शोधत. घरून निघताना चिठ्ठीवर तो ईमेल लिहून तीनदा वाचून घ्यायला सांगा. दुसरा कॉलम नाव. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधारला आडनाव शेवटी, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव गायब, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फॉर्मवर एकच क्रम ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे. आधारवर वेगळी असेल तर फॉर्म सुटायच्या आधी दुरुस्त करून घ्या, कारण आधार केंद्रावरची रांग तुमच्या डेडलाइनसाठी थांबत नाही. पूर्वी गुरुजी सरसकट १ जून लावायचे, ते दिवस गेले असं आपण म्हणतो, पण मला अजून अशी केस दिसते.

शाळेचं बोनाफाईडही फोटोसकट, इयत्ता स्पष्ट लिहिलेलं, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं काढून ठेवा. आरएमओच्या वेळी धावपळ नको, तेव्हा नेमकी दिवाळीची सुट्टी आणि शाळेला कुलूप.

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो. ओएमआर शीटची उमेदवाराची प्रत. पेपर संपल्यावर ती घरी न्यायला देतात आणि प्रश्नपत्रिकेवर स्वच्छ लिहिलेलं असतं की ही जपून ठेवा, सीझन संपेपर्यंत पडताळणीला लागेल. पोरं काय करतात तर तिच्या मागे उत्तरं जुळवतात, मित्राला देतात, एकीच्या आजीने त्यात शेंगदाणे गुंडाळले होते, खोटं नाही सांगत. घरी आल्या आल्या फोटो काढा, झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत जन्मदाखल्याच्या फाईलमध्ये घाला.

पेपरचं स्वरूप माहीत असेलच, ३ तास, ३० प्रश्न, १०० मार्क. पहिले १० प्रश्न २ मार्कांचे, पुढचे १० तीनचे, शेवटचे १० पाचचे, निगेटिव्ह नाही. पर्याय नसतात, प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधली संख्या आणि ती दोन अंकी गोल काळे करून भरायची. इथे हुशार पोरं मार खातात. समजा प्रश्न आला, ७ चा २०२५ वा घात १०० ने भागला तर बाकी किती. ७ चा चौथा घात २४०१, म्हणजे शेवटी ०१, २०२५ म्हणजे ४ गुणिले ५०६ अधिक १, तर बाकी उरली ७. बरोबर! आणि मग शीटवर एकाच रकान्यात ७ काळा करून दुसरा रिकामा सोडला. ०७ भरायचं असतं, पहिल्या रकान्यात शून्य, दुसऱ्यात सात. वर चौकटीत हाताने ७ लिहिलंय म्हणून कोणी दया करत नाही, मशीन फक्त काळा गोल बघतं. पेन काळं किंवा निळं बॉलपेन, जेल पेन आणि पेन्सिल चालत नाही. खोडाखोड केली तर शीट खराब होऊन मशीनला उत्तर न वाचता येण्याची भीती असते, म्हणून उत्तर पक्कं झाल्यावरच गोल भरा.

मराठी मीडियमच्या पोरांसाठी एक वेगळं सांगायचंय. मराठीत पेपर नसतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, शब्द शंभर-दीडशेच आहेत, पण ते आधी माहीत पाहिजेत: मूळ संख्या म्हणजे प्राइम, मसावि म्हणजे जीसीडी, चक्रीय चौकोन म्हणजे सायक्लिक क्वाड्रिलॅटरल, परिवर्तुळ म्हणजे सरकमसर्कल, अंतर्वर्तुळ म्हणजे इनसर्कल. माझ्या एका विद्यार्थिनीने "डिस्टिंक्ट" (म्हणजे वेगवेगळे) हा शब्द न कळल्यामुळे पाच मार्क घालवले, गणित अख्खं बरोबर. जुने पेपर वाचताना अडलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा.

पुढच्या टप्प्याबद्दल थोडं. आयओक्यूएम घेते मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन, आणि आरएमओपासून पुढचं सगळं मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरकडे, म्हणून फॉर्म एका साईटवर आणि पात्र मुलांची यादी दुसऱ्या साईटवर, हे न कळल्याने लोक चुकीच्या साईटवर रोज रिफ्रेश करत बसतात. कटऑफ प्रादेशिक आहे, शेजारच्या राज्यातल्या भावाचा कटऑफ तुम्हाला लागू नाही. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयचे गट वेगळे. बारावीच्या मुलांना जागा कमी असतात, त्यामुळे "बारावीत निवांत देऊ" हा प्लॅन वाईट, नववी-दहावीतच बसवा. मुलींसाठी जादा जागा असतात आणि पुढे ईजीएमओ या मुलींच्या ऑलिंपियाडसाठी वेगळी टीमही निवडली जाते, तरी फॉर्म भरायला मुली कमीच येतात.

आरएमओला मात्र खेळ बदलतो. ६ प्रश्न, ३ तास, आणि उत्तर नाही, सिद्धता लिहायची. प्रत्येक नैसर्गिक संख्या एनसाठी, एनचा पाचवा घात वजा एन याला ३० ने पूर्ण भाग जातो हे दाखवा म्हटल्यावर आमची पोरं १ ते १० घालून बघतात, सगळीकडे जातोय म्हणतात आणि खाली "म्हणून सिद्ध" लिहितात. याला मार्क शून्य. २, ३ आणि ५ ने का जातो ते वेगवेगळं दाखवावं लागतं. आयओक्यूएमचा रिझल्ट लागायची वाट न बघता सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून लिहायची सवय लावा, कारण २०२४ ला आरएमओ ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे जेमतेम आठ आठवडे.

आणि ज्यांचं पोरगं आयएनएमओपर्यंत गेलंय त्यांनी पासपोर्टचा अर्ज करून टाका. टीममध्ये जायला भारतीय पासपोर्ट लागतो आणि पोलीस व्हेरिफिकेशनवाला दारात आला तेव्हा पोरगं कोट्याला हॉस्टेलवर, हेही बघितलंय मी.