झाडाचं तेल म्हणून निर्धोक? मुळीच नाही

‘कीटक पळवणारं तेल वनस्पतीजन्य आहे, मग घरातल्या कुणालाही लावा, मांजरालासुद्धा’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो घातक आहे. टी ट्री या ऑस्ट्रेलियातल्या झाडाचं (चहाचं नव्हे) निव्वळ तेल मांजराच्या मानेवर चोळलं, तर लाळ गळते, पाय लटपटतात, अंग थरथरतं, जिवावरही बेततं. अशी द्रव्यं निकामी करणारी काही विकरं (एन्झाइम) मांजराच्या यकृतात फारच कमी असतात. शिवाय ते अंग चाटतं, म्हणजे तेल थेट पोटात! कुत्र्यांनाही हे बाधतं.

माणसांतही लिंबू-निलगिरीचं तेल ३ वर्षांखालच्या मुलांना लावू नये. सिट्रोनेला (एका सुगंधी गवताचं तेल) लवकर उडून जातं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा चोपडतात आणि अंगावर जास्त तेल जातं.

प्राण्याला तेल लागलंच, तर त्याला चाटू देऊ नका आणि तातडीनं पशुवैद्य गाठा.