ग्रॅनाइट की नाइस? ओट्यावरच्या दगडाची खरी ओळख

घोडबंदर रोडवरच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या गोदामांत ‘ग्रॅनाइट’ म्हणून उभे केलेले कितीतरी स्लॅब भूवैज्ञानिकाच्या लेखी ग्रॅनाइट नसतातच. दुकानदार फसवतोय असं नाही. धंद्याचा हिशेब साधा आहे: दगड कठीण हवा, त्यानं पॉलिश धरायला हवं आणि लिंबू-कोकम सांडलं तरी मार्बलसारखा चट्टा पडायला नको. एवढं जमलं की झाला ग्रॅनाइट. म्हणून आंध्रातल्या चिमकुर्तीहून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सीसुद्धा ग्रॅनाइटच्याच रांगेत असतो. प्रत्यक्षात तो गॅब्रो या गडद खडकाच्या कुळातला. पण तो निदान काळ्या रंगावरून वेगळा काढता येतो. घोळ होतो तो ग्रॅनाइट आणि नाइस या जोडीत.

दोन्हींत खनिजं जवळपास तीच. काचेसारखा करडा क्वार्ट्झ, पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि थोडं काळं अभ्रक. फरक आहे तो ही खनिजं कशात वाढली याचा.

ग्रॅनाइट शिलारसातून जन्मतो. हा रस वर न येता जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकून राहतो आणि फार हळू निवतो. जे स्फटिक आधी तयार होतात त्यांच्या भोवती द्रव असतो, म्हणून त्यांच्या कडा सरळ, नेटक्या येतात. क्वार्ट्झ सहसा शेवटी येतो आणि उरलेल्या फटी भरतो, त्यामुळे त्याला स्वतःचा असा आकार नसतो. सगळे दाणे एकमेकांत गुंतलेले, पण कुठल्याच एका दिशेला वळलेले नाहीत. स्लॅब आडवा धरा नाहीतर उभा, तो सारखाच दिसतो.

नाइस हा रूपांतरित खडक. आधीचा एखादा दगड, कधी चिखलाचा गाळ तर कधी खुद्द जुना ग्रॅनाइटच, भूखंडांच्या टकरीत वीस-पंचवीस किलोमीटर खोल ढकलला जातो. तिथे तापमान ६०० ते ८०० अंश सेल्सिअस आणि दाब हवेच्या हजारो पट. दगड बहुतांशी घनच राहतो, पण आतली खनिजं मोडून नवी घडतात. अभ्रकाचे पापुद्रे दाबाला आडवे होऊन एका दिशेत लागतात, फिकी आणि गडद खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत जमतात. ओट्यावर लाटांसारखे पट्टे दिसले, तर तो बहुधा नाइस.

पट्टे पुसट असले तर मात्र डोळे फसतात. त्यासाठी काश्मीर व्हाइट बघा. नावाशी काश्मीरचा काही संबंध नाही, हा दगड तमिळनाडूतल्या मदुराई भागातला. पांढुरक्या पृष्ठभागावर तांबडे-तपकिरी ठिपके विखुरलेले असतात. दहा पट भिंग लावलं की ठिपका म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल, गोलसर स्फटिक असल्याचं कळतं. तो गार्नेट. त्यातलं लोह सुटून कधीकधी भोवती गंजाचं फिकट पिवळं वलय धरतं. गिऱ्हाइकाला हा दोष वाटतो. माझ्या मते त्या स्लॅबवर बघण्यासारखी गोष्ट हीच.

घन दगडाच्या आत एवढा स्फटिक वाढतो तरी कसा? जागा नाही, द्रव नाही. दगड तापतो तशी अभ्रकासारखी खनिजं अस्थिर होतात आणि विरघळू लागतात. त्यांतलं लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम दाण्यांच्या सीमांवरून सरकत गार्नेटपर्यंत पोहोचतं. गार्नेट शेजाऱ्यांना खातच मोठं होतं. जे पचत नाही ते, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण वगैरे, पोटात तसंच राहतं. काही गार्नेटमध्ये हे कण नागमोडी, अगदी गोगलगायीच्या वळणासारखे लागलेले सापडतात. वाढता वाढता स्फटिक फिरला की त्याच्या भोवतीचा खडक, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

ही वाढ कशी झाली ते वाचायला संशोधक दगडाचा ०.०३ मिलीमीटर जाडीचा काप करतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग इलेक्ट्रॉनचा झोत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेत गार्नेटची रासायनिक तपासणी करतात. मध्यभागी मँगनीज जास्त आढळतं, कारण गार्नेट ते सुरुवातीलाच ओढून घेतं आणि मग आसपास फारसं उरत नाही. कडेकडे मॅग्नेशियम वाढत गेलं, तर वाढताना दगड तापत होता. शेजारच्या अभ्रकाशी लोह-मॅग्नेशियमची वाटणी कशी झाली यावरून तापमानाचा अंदाज काढता येतो. असल्या यंत्रांच्या कितीतरी आधी, १८९३ मध्ये, भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांत कुठलं खनिज कुठून दिसू लागतं याच्या आधारावर रूपांतरणाचे पट्टे नकाशावर मांडले होते. गार्नेटचा पट्टा त्यातलाच एक. आपल्या राज्यात अशाच रूपांतरणात घडलेली कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजं भंडारा जिल्ह्यात मिळतात.

काश्मीर व्हाइटच्या गार्नेटकडून मात्र एवढ्या तपशिलाची अपेक्षा ठेवू नये. सातशे-आठशे अंशांत फार काळ राहिलं की आतले अणू सरकून आधीची रासायनिक नोंद पुसट होते. शिवाय गार्नेट दिसला म्हणजे नाइसच, असंही नाही. काही खऱ्या ग्रॅनाइटमध्येही गार्नेट असतो. आणि तापमान आणखी वाढलं की नाइस अर्धवट वितळतो. त्या मिश्र दगडाला मिग्मटाइट म्हणतात. बाजारातला पॅराडिसो हा बहुधा त्याच जातीचा. अशा स्लॅबपुढे ‘ग्रॅनाइट की नाइस’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण एकाच फुटात दोन्ही असतात.

ठाण्यात घराबाहेर पडून हे शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. येऊरपासून पारसिकपर्यंत सगळा लाव्हाचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कसाऱ्याजवळ थळ घाटात बेसाल्टमध्ये फेल्डस्पारचे काही सेंटिमीटर लांब स्फटिक दिसतात, पण ते शिलारसात वाढलेले, घन खडकात नव्हे. मदुराई भागातल्या त्या दगडांचं रूपांतरण साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी झालं, म्हणजे ओटा इमारतीच्या पायाखालच्या खडकापेक्षा आठपट जुना.

घेताना तरी याचा उपयोग काय? ग्रॅनाइटचे दोन तुकडे एल आकाराच्या ओट्यात कोपऱ्याला जोडले तरी सांधा लपतो. नाइसमध्ये पट्टे जुळले नाहीत तर तो लांबून ओरडतो, म्हणून मिस्त्रीला कापण्याआधीच पट्ट्यांची दिशा खडूने आखून द्यायला सांगा. सिंकसाठी कापताना अभ्रकाचा जाड पट्टा नेमका कोपऱ्यात येऊ देऊ नका, चीर तिथूनच जाते. काश्मीर व्हाइट पाणी पितो, तेव्हा त्याला सीलर हवाच. स्लॅब ठरवण्याआधी गोदामातला कापलेला तुकडा मागून घ्या, त्यावर पाणी ओता आणि उन्हात तिरका धरा. पॉलिशच्या चकाकीत लपलेले पट्टे ओल्या कडेवर लगेच दिसतात.