निसटलेलं मांजर आणि न परतलेलं मांजर

मांजर दिसेनासं झालं की पहिलं काम ठरलेलं: ग्रुपवर फोटो आणि खाली ‘कुणाला दिसल्यास कळवा’. फोटो जरूर टाका. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे मांजर रोज बाहेर हिंडणारं होतं, की त्यानं कधी उंबराच ओलांडला नव्हता? दोन्ही वेळा आपण ‘हरवलं’ म्हणतो, पण दोघांना शोधायची रीत अगदी वेगळी आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली एखादी मनी घ्या. सिलिंडर आला, दार उघडं राहिलं, ती जिन्यानं खाली उतरली. घरच्यांना वाटतं, आता ती पार शंभर फुटी रस्त्यापर्यंत गेली असणार. बहुतेक वेळा ती तुमच्याच इमारतीच्या आसपास असते: मीटरच्या खोलीत, डक्टमध्ये, पाण्याच्या टाकीमागच्या फटीत, जाळी लावून बंद केलेल्या जिन्याखाली. अनोळखी जागेत मांजर घाबरलं की ते दडतं आणि गप्प बसतं. तुमचा आवाज ओळखूनही ओ देत नाही, कारण आवाज केला तर दडलेली जागा उघडी पडते. माणसं हाका मारत पाच फुटांवरून पुढं जातात आणि ‘इकडं नाहीच’ असं ठरवून टाकतात. शोध फसतो तो इथं.

म्हणून अशा मांजराला हाका मारत फिरू नका, वाकून बघा. रात्री वर्दळ थांबल्यावर एकट्यानं किंवा दोघांनी निघायचं आणि टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीला धरायचा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळं अंधारात दोन हिरवट ठिपके चमकतात. शेजारच्या पोरांची फौज सोबत नेऊ नका, ती मदत महागात पडते. मांजराची शी-शूची मातीची पेटी बाहेर ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. तो मला पटत नाही, कारण त्या वासानं गल्लीतला बोका आधी येऊन हक्क सांगायची शक्यता असते. वासाचं खाणं ठेवा, ते रात्री कोण खातं ते बघा, आणि मांजर हाती लागत नसेल तर पिंजरा लावा. भूक लागली की तेही बाहेर पडतं, पण सगळं सामसूम झाल्यावर.

गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या वाड्यातला बोका वेगळा. कौलांवरून, पत्र्यांवरून त्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि जेवायला तो वेळेवर हजर असतो. असा बोका आला नाही तर तो भ्यालाय म्हणून नव्हे, त्याची वाट कुठंतरी अडलीय म्हणून. कुणाच्या अडगळीच्या खोलीत कोंडला गेला, गोदामात उंदरामागं शिरला आणि शटर खाली आलं, मारामारीत जखमी झाला, गाडीखाली आला किंवा टेम्पोत बसून दुसऱ्या पेठेत उतरला. नसबंदी न झालेला बोका माजावरच्या मांजरीमागं लांबही जातो. इथं झुडपात टॉर्च मारून फारसं हाती लागत नाही. दारं वाजवावी लागतात. ‘काकू, आमचा बोका दिसला का?’ असं विचारलं की ‘नाही बाई’ एवढंच उत्तर येतं. ‘काकू, तुमची मागची खोली एकदा उघडून बघू का?’ असं विचारा. दुकानाची साप्ताहिक सुट्टी संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना हजर राहा. पोस्टरचा खरा उपयोग याच मांजरासाठी होतो.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२१० मांजरमालकांना विचारलं होतं. सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. बाहेर हिंडणारी मांजरं घरातल्यांपेक्षा लांब गेलेली दिसली. ९० दिवसांनंतर जिवंत सापडलेली अगदी थोडी. म्हणजे पहिला आठवडा रडण्यात घालवू नये.

गोंधळ होतो तो पुराच्या दिवसांत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की गावभागातली माणसं सामान हलवतात आणि मांजरही पोत्यात किंवा टोपलीत घालून पाहुण्यांकडं नेतात. २०१९ ला हे घरोघरी झालं. गावभागात राजा असलेला बोका पाहुण्यांच्या घरातून निसटला की तो आता पहिल्या प्रकारचा, म्हणजे निसटलेला झाला. त्याला तिथल्या वाटा ठाऊक नाहीत, म्हणून आधी जवळच दडलेला शोधायचा. पाणी ओसरल्यावर जुन्या घरीही नजर ठेवावी, मांजर जागेला धरून असतं. आणि नव्या जागी नेलेलं मांजर निदान दोन-तीन आठवडे दाराबाहेर सोडू नये.

आता तुम्हालाच मांजर सापडलं तर. अंग चोरून फिस्कारतंय म्हणजे ते गल्लीतलंच, असं समजू नका, भ्यालेलं घरचं मांजरही तसंच करतं. एका कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी करून परत सोडलेलं, त्याला उचलायची गरज नाही. एकटी पिल्लं दिसली तर लांबून थांबून बघा. मांजर पिलांना सात घरं फिरवतं म्हणतात ते उगाच नाही, आई पुढची जागा बघायला गेलेली असते. चावा किंवा ओरखडा बसला तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच सरकारी दवाखाना गाठा.

जेवायला येऊन जाणाऱ्या मांजराच्या गळ्यात सहज फाटेल अशी कागदाची पट्टी सैल बांधा. त्यावर लिहा: ‘हे तुमचं आहे का?’ आणि खाली फोन नंबर. फोन आला की समोरच्याला खूण विचारा, म्हणून फोटो टाकताना शेपटीच्या टोकाचा रंग दाखवायचा नाही. आणि तुमचं मांजर हरवलेलं असताना ‘मांजर आमच्याकडं आहे, आधी पैसे पाठवा’ असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर आधी त्याला आत्ता काढलेला व्हिडिओ मागा.